पटावर नाव असूनही मुलगी शाळेत का टिकत नाही?

15 ऑगस्ट 2021 रोजी तालिबाननं काबूल ताब्यात घेतलं. पुढच्याच महिन्यात माध्यमिक शाळा उघडल्या, पण फक्त मुलग्यांसाठी. मुलींच्या शाळा 23 मार्च 2022 रोजी उघडणार असं जाहीर झालं. त्या सकाळी मुली दप्तरं घेऊन वर्गात जाऊन बसल्याही, आणि काही तासांतच त्यांना घरी परत पाठवलं गेलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विद्यापीठांची दारं बंद झाली. डिसेंबर 2024 मध्ये परिचारिका आणि सुईणींचं प्रशिक्षणसुद्धा थांबवलं. सहावीनंतर मुलींना शिकायलाच बंदी असलेला हा आज जगातला एकमेव देश आहे. युनेस्कोच्या 2024 च्या हिशेबानुसार किमान 14 लाख अफगाण मुलींची शाळा या बंदीनं हिरावली.

हे वाचून चीड येते, यायलाच हवी. पण या बातमीमुळे नकळत एक समजूत पक्की होते, की मुलींच्या शिक्षणाच्या आड येतो तो हातात बंदूक घेतलेला कुणीतरी. युनेस्कोच्या 2023 च्या अंदाजानुसार जगभरात शाळेबाहेर असलेल्या मुलींची संख्या सुमारे 12.2 कोटी होती. त्यातल्या 14 लाख अफगाणिस्तानच्या बंदीच्या धरल्या, तर बाकीच्या बारा कोटी मुलींपैकी बहुतेकींना कुणी फर्मान काढून अडवलेलं नाही. त्यांच्या देशांत कायदा त्यांच्या बाजूनं आहे, बऱ्याच ठिकाणी शिक्षण फुकटही आहे. तरी त्या वर्गात नाहीत. हे कसं होतं, ते जरा मुळापासून पाहू.

चढल्या किती, पोचल्या किती

शिक्षणाच्या चर्चेत दोन शब्द सतत कानावर पडतात. पहिला 'पटनोंदणी', म्हणजे शाळेच्या हजेरीपटावर नाव लागणं. दुसरा 'गळती', म्हणजे शिक्षण पूर्ण व्हायच्या आधीच शाळा सुटणं. सरकारं सहसा पहिला आकडा अभिमानानं सांगतात. पण गाडी सुटताना आत किती माणसं होती, यावरून शेवटच्या थांब्यावर किती उतरली हे कळत नाही. मधल्या थांब्यांवर किती जणांना उतरावं लागलं, ते मोजावं लागतं.

पहिलीच्या वर्गात मुली आणि मुलगे आता जगातल्या बहुतेक देशांत जवळजवळ सारख्या संख्येनं असतात. गेल्या काही दशकांतलं हे फार मोठं यश आहे, त्याला कमी लेखायचं कारण नाही. मुली उतरतात त्या पुढच्या थांब्यांवर, साधारण अकरा ते पंधरा या वयात. याच वयात प्राथमिक शाळा संपते आणि पुढची शाळा बहुधा लांब असते. फी, पुस्तकं, गणवेश यांचा खर्च वाढतो. मुलगी घरातलं मोठ्या माणसाचं काम करण्याइतकी मोठी होते. तिला पाळी येते, रस्त्यावरच्या नजरा बदलतात, आणि काही घरांत लग्नाचं बोलणंही सुरू होतं. वेगवेगळ्या वयात आल्या असत्या तर एकेक करून निभावता आल्या असत्या अशा या सगळ्या अडचणी दोन-तीन वर्षांत एकदम अंगावर येतात.

घरातला तराजू

अशा घरात आईबाप नेमका कसा निर्णय घेतात? एक तराजू डोळ्यांसमोर आणा. एका पारड्यात शाळेचा फायदा आहे, पण तो बराच पुढचा, दहा वर्षांनंतरचा. दुसऱ्या पारड्यात आजचे खडे आहेत. फी हा एक खडा झाला. तीन-चार किलोमीटरची पायपीट हा दुसरा. वाटेत काही होईल ही भीती तिसरा. आणि सगळ्यात जड खडा असतो तो मुलीच्या वेळेचा.

या वेळेच्या किमतीला अर्थशास्त्रात 'संधी खर्च' म्हणतात. एखादी गोष्ट करताना जी दुसरी गोष्ट सोडून द्यावी लागते, तिची किंमत. मुलगी सहा तास शाळेत असेल, तर ते सहा तास पाणी कोण आणणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार? हा खर्च कुठल्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून शिक्षण फुकट केलं तरी तो उरतोच. युनिसेफच्या 2016 च्या अहवालानुसार 5 ते 14 वयाच्या मुली त्याच वयाच्या मुलग्यांपेक्षा घरकामावर 40 टक्के जास्त वेळ घालवतात. ज्या घरांत पाण्याची सोय नाही, अशा दहांतल्या सात घरांत पाणी आणायचं काम बायका आणि मुलींवरच असतं. गावात नळ आला की मुलींच्या शाळेला हातभार लागतो तो याचमुळे, जरी नळयोजनेच्या फायलीत शिक्षणाचा उल्लेखही नसला तरी.

त्यातच 'मुलगी परक्याचं धन' ही समजूत. लग्न होऊन मुलगी दुसऱ्या घरी जाते अशा समाजांत तिच्या शिक्षणावर खर्च करणारं घर एक आणि फळं मिळणारं घर दुसरं, असा हिशेब मांडला जातो. हा हिशेब चुकीचा आणि अन्यायाचा आहे, असं माझं ठाम मत आहे. पण तो मांडणारे आईबाप बहुतेकदा क्रूर नसतात. ते टोकाच्या टंचाईत जगत असतात आणि एकाच मुलाचं शिक्षण झेपणार असेल, तर कुणाचं करायचं या पेचात सापडलेले असतात.

या सगळ्यातली आशेची गोष्ट अशी, की बऱ्याच घरांत हा तराजू जवळजवळ समतोल असतो. एखादाच खडा उचलला तरी पारडं फिरतं. हे मी आशावाद म्हणून सांगत नाही. हे प्रत्यक्ष करून, मोजून पाहिलेलं आहे.

"पण लोकांनाच मुली शिकवायच्या नसतात, त्याला कोण काय करणार?"

हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो. त्याला सगळ्यात ठोस उत्तर मिळालंय ते चक्क अफगाणिस्तानातून.

2007 साली तिथल्या घोर प्रांतात 31 गावांमध्ये एक प्रयोग झाला. दुर्गम, गरीब डोंगराळ भाग. तिथली मुलं लांबच्या सरकारी शाळेत जायची किंवा घरीच राहायची, आणि शाळेत जाणाऱ्या मुलामुलींच्या प्रमाणात 21 टक्क्यांची तफावत होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं निवडून काही गावांना लगेच गावातच छोटी शाळा दिली आणि उरलेल्या गावांना ती वर्षभरानं मिळायची होती. त्यामुळे दोन्ही प्रकारच्या गावांची तुलना करता आली. जिथे गावात शाळा आली, तिथे मुलग्यांची पटनोंदणी वाढली आणि मुलींची तर इतकी वाढली की ती तफावतच मिटली. परीक्षेतल्या गुणांमधलं अंतरही खूप कमी झालं.

त्या गावांतले बाप तेच होते, परंपरा त्याच होत्या, कुणाचं प्रबोधन केलेलं नव्हतं. बदललं ते फक्त घरापासून शाळेपर्यंतचं अंतर. बाहेरून ज्याला आपण 'मानसिकता' म्हणत होतो, त्याचा मोठा भाग प्रत्यक्षात किलोमीटरमध्ये मोजता येत होता. मुलगा लांब चालत गेला तर घरच्यांना फारशी काळजी वाटत नाही. मुलगी तेवढीच लांब गेली तर वाटते. म्हणून तेच अंतर मुलीसाठी जास्त लांब असतं.

शाळा गावात आणता येत नसेल, तर मुलीला शाळेजवळ नेता येतं. बिहारनं 2006 साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. शेजारच्या झारखंडशी तुलना करून झालेल्या अभ्यासात दिसलं की माध्यमिक वयाच्या मुलींची पटनोंदणी 32 टक्क्यांनी वाढली आणि मुलामुलींमधली तफावत 40 टक्क्यांनी घटली. जिथे शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती, तिथल्या मुलींना सगळ्यात जास्त फायदा झाला. सायकलीनं वेळ वाचवला, हे उघड आहे. पण दुसरीही एक गोष्ट झाली. एकटीनं चालणारी मुलगी चारचौघांच्या नजरेत भरायची, तर दहा-बारा मुलींचा सायकलींचा घोळका रस्त्यावर आपला हक्क सांगत जायचा. हळूहळू गावाला ते दृश्य सवयीचं झालं. पुढे झांबियातही मुलींना सायकली दिल्या गेल्या, तिथे गैरहजेरी आणि उशिरा पोचणं दोन्ही कमी झालं.

भीतीची किंमत शाळा सुटल्यावरच मोजायची असंही नाही. दिल्लीतल्या महाविद्यालयीन विद्यार्थिनींच्या प्रवासाच्या अभ्यासात आढळलं की वाट सुरक्षित वाटावी म्हणून मुली कमी दर्जाचं महाविद्यालय निवडायलाही तयार असतात. चांगले गुण असूनही. अशी मुलगी कुठल्याच गळतीच्या आकड्यात दिसत नाही, पण तिचं नुकसान झालेलं असतं.

पैसे दिले की प्रश्न सुटतो का?

बराचसा सुटतो, पूर्ण नाही.

बांगलादेशात 1982 साली छोट्या प्रमाणावर एक विद्यावेतन सुरू झालं आणि 1994 पासून ते सगळ्या ग्रामीण भागात लागू झालं. माध्यमिक शाळेतल्या मुलीला पैसे मिळायचे, पण तीन अटी होत्या: 75 टक्के हजेरी, 45 टक्के गुण आणि लग्न झालेलं नसणं. काही वर्षांतच तिथल्या माध्यमिक शाळांत मुलींची संख्या मुलग्यांच्या पुढे गेली. मेक्सिकोनं 1997 साली अशीच योजना आणली, आणि माध्यमिक वर्गांत मुलींसाठीची रक्कम मुलग्यांपेक्षा मुद्दाम जास्त ठेवली, कारण गळतीही मुलींचीच जास्त होती. अट घालून दिलेली ही रोख मदत म्हणजे दुसऱ्या पारड्यातल्या वेळेच्या खड्याची भरपाईच.

मात्र त्याच बांगलादेशात आजही सुमारे निम्म्या मुलींची लग्नं अठराव्या वर्षाआधी होतात. म्हणजे शाळेचा पट बदलला तरी लग्नाचा बाजार त्याच वेगानं बदलला नाही. विद्यावेतन हे रामबाण औषध आहे असं कुणी सांगितलं, तर हा आकडा समोर ठेवावा.

स्वच्छतागृह, पाळी आणि एक प्रामाणिक दुरुस्ती

शाळेत मुलींसाठी वेगळं स्वच्छतागृह हवं, यावर दुमत नाही. भारतात शाळांमधल्या स्वच्छतागृहांच्या मोहिमेचा अभ्यास झाला, त्यात लहान मुलींची पटनोंदणी कुठलंही स्वच्छतागृह बांधल्यानं वाढली. वयात आलेल्या मुलींची मात्र त्यांच्यासाठी वेगळं असेल तरच. आडोसा आणि कडी ही त्यांच्यासाठी चैन नव्हती.

पाळीमुळे मुली महिन्याला चार-पाच दिवस शाळा बुडवतात, असंही सर्रास सांगितलं जातं. नेपाळमध्ये हे प्रत्यक्ष मोजलं गेलं, तेव्हा पाळीमुळे बुडणारी शाळा वर्षभरात अर्धा दिवससुद्धा भरली नाही, आणि पाळीसाठीची साधनं वाटून हजेरीत फरक पडला नाही. सगळीकडे असंच असेल असं नाही. साधनं देऊ नयेत असाही याचा अर्थ होत नाही, ती मुलीच्या आरोग्याची आणि सन्मानाची गोष्ट आहे. पण साधनं वाटली म्हणजे गळती थांबली, असं समजून हात झटकले जाऊ नयेत.

लग्न, बाळंतपण आणि आतून लावलेली कडी

जगात दरवर्षी अंदाजे 1.2 कोटी मुलींची लग्नं अठरा पूर्ण व्हायच्या आत होतात. लग्नामुळे शाळा सुटते आणि शाळा सुटली की लग्न होतं, ही साखळी दोन्ही बाजूंनी ओढली जाते. सिएरा लिओनमध्ये इबोलाच्या साथीत, 2014-15 मध्ये, शाळा महिनोन्‌महिने बंद राहिल्या. साथीचा जास्त फटका बसलेल्या गावांत कोवळ्या वयातली गरोदरपणं वाढली आणि शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा कितीतरी मुली परतल्याच नाहीत. जिथे मुलींना एकत्र जमायला एखादा सुरक्षित गट होता, तिथे हे नुकसान बरंच कमी झालं. शाळेत धडे शिकवले जातात, तसं दिवसातले काही तास मुलीला सुरक्षित ठेवणारं छप्परही मिळतं, हे शाळा बंद झाल्यावरच नीट दिसलं.

आणि मग राज्यकर्त्यांनी केलं काय? त्याच सिएरा लिओननं 2015 साली गरोदर मुलींना नेहमीच्या शाळेत यायला मनाई केली. पश्चिम आफ्रिकी देशांच्या सामाईक न्यायालयानं डिसेंबर 2019 मध्ये ती बेकायदा ठरवली आणि मार्च 2020 मध्ये ती उठली. टांझानियातली अशीच बंदी नोव्हेंबर 2021 पर्यंत टिकली. ज्या मुलीवर बहुतेकदा अन्यायच झालेला असतो, तिलाच वर्गाबाहेर काढायचं, हे मला या सगळ्या विषयातलं सर्वांत निष्ठुर वाटतं.

शिकून नेमकं बदलतं काय?

1970 ते 2009 या काळात जगभर पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंमध्ये मोठी घट झाली. 175 देशांच्या माहितीवरून केलेला एक अभ्यास 2010 साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. टळलेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे सुमारे 42 लाख मृत्यू टळण्याचं श्रेय त्यानं आई होण्याच्या वयातल्या स्त्रियांच्या वाढलेल्या शिक्षणाला दिलं.

वर्गातल्या फळ्याचा आणि तान्ह्या बाळाच्या जिवाचा संबंध काय? दुवे अगदी साधे आहेत. शिकलेली मुलगी उशिरा आई होते, तोवर तिचं शरीर तयार झालेलं असतं. दोन बाळंतपणांत अंतर राहतं. औषधाच्या बाटलीवरची मात्रा ती वाचू शकते. ताप उतरत नाही म्हटल्यावर दवाखान्यात न्यायला हवं, हे तिला कळतं, आणि ते घरात ठामपणे सांगायची हिंमत तिच्यात असते. शेवटचा दुवा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुष्कळदा आजार ओळखलेला असतो, पण ओळखणाऱ्या बाईचं कुणी ऐकत नसतं.

यावर एक जाणता आक्षेप घेतला जातो. शिकलेल्या बायका मुळात खात्यापित्या घरच्या असतात, मग त्यांची मुलं पैशामुळे जगतात की शिक्षणामुळे? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच संशोधक अशा जागा शोधतात, जिथे घरची स्थिती तीच राहिली आणि शिक्षण तेवढं वाढलं. तुर्कस्ताननं 1997 साली सक्तीचं शिक्षण पाचवरून आठ वर्षांवर नेलं. त्याचा फायदा मिळालेल्या मुलींमध्ये लवकर लग्न आणि लवकर बाळंतपण, दोन्ही मागे पडलं. पश्चिम केनियात चिठ्ठीनं निवडलेल्या शाळांमधल्या सहावीच्या मुलांना नुसता गणवेश फुकट दिला, तर मुलींची गळतीही घटली आणि कोवळ्या वयातली लग्नं नि गरोदरपणंही. त्या मुलींची घरं काही श्रीमंत झालेली नव्हती.

"शिकून शेवटी घरीच बसणार ना?"

काही देशांत हे खरंच घडतंय, मुली शिकल्या पण नोकरीत दिसत नाहीत. 2023 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दोनशे वर्षांची माहिती अभ्यासून दाखवलं की स्त्रियांच्या कमावण्याचा आलेख इंग्रजी 'यू' अक्षरासारखा असतो. शेतीच्या काळात बायका कामावर भरपूर असतात. काम कारखान्यात, घरापासून दूर गेलं की त्यांचा सहभाग घटतो. नंतर शिक्षण आणि कचेरीतल्या नोकऱ्या वाढल्या की तो पुन्हा चढतो. वळणाच्या तळाशी असलेल्या समाजाला वाटतं, शिक्षण वाया गेलं. पण चढ शिक्षणाशिवाय येत नाही, आणि नुसत्या शिक्षणानंही येत नाही. कामाच्या जागा, पाळणाघरं, सुरक्षित वाहतूक हेही लागतं.

जिथे नोकरी मिळते, तिथे अभ्यास सांगतात की शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षानं कमाई सरासरी नऊ टक्क्यांच्या आसपास वाढते, आणि हा लाभ स्त्रियांना पुरुषांपेक्षा थोडा जास्तच मिळतो. आणि ती घरी राहिली तरी वर सांगितलेला बाळाच्या जिवाचा हिशेब बदलत नाही. मुळात एखाद्या मुलग्याला शाळेत घालताना 'याचा परतावा किती' असं कुणी विचारत नाही. मुलीच्या बाबतीतच हा प्रश्न का, याचंही उत्तर कधीतरी द्यावं लागेल.

"मग मुलग्यांचं काय?"

शाळेबाहेरच्या मुलग्यांची जागतिक संख्या मुलींपेक्षा किंचित जास्तच आहे, युनेस्कोच्या त्याच 2023 च्या अंदाजात ती सुमारे 12.8 कोटी होती. काही देशांत मुलगे मागे पडतायत, आणि त्यांचीही तितकीच काळजी हवी. पण कारणं वेगळी असतात. मुलगा बहुधा मजुरीसाठी शाळा सोडतो. मुलगी घरकाम, लग्न आणि भीती यांमुळे सोडते, म्हणून उपायही वेगळे लागतात. आधीच्या पिढ्यांचा अनुशेषही आहेच, जगातल्या निरक्षर प्रौढांपैकी जवळपास दोन तृतीयांश स्त्रिया आहेत. आणि घोरमध्ये गावात शाळा आली, तेव्हा मुलगेही वाढले होते, हे लक्षात घ्या.

वर्गात बसणं म्हणजे शिकणं का?

नाही. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत दहा वर्षांच्या दहांपैकी सुमारे सात मुलांना साधा मजकूर वाचून समजत नाही, असा जागतिक बँक आणि युनेस्को यांचा 2022 चा अंदाज आहे. वर्गात काहीच पदरात पडत नसेल, तर आईबापांच्या तराजूतलं फायद्याचं पारडं रिकामंच राहतं, मग सायकल देऊन आणि विद्यावेतन देऊन किती दिवस रेटणार? वाचता येणं हेच मुलीला शाळेत टिकवणारं मोठं कारण असतं.

घोरमधल्या त्या गावांत 2007 साली सहा-सात वर्षांची असताना पहिल्यांदा पाटीवर हात ठेवलेली मुलगी आज विशीच्या मध्यावर आहे. तिच्या धाकट्या बहिणीला सहावीनंतर शाळा नाही. पण तालिबानची नजर चुकवून आज तिथे घराघरांत वर्ग भरतात, आणि ते चालवणाऱ्या बायकांमध्ये तालिबानच्या दोन राजवटींच्या मधल्या वीस वर्षांत शिकलेल्या मुली आहेत.